तावडेकाकांची चिनाई मेंदी

परळच्या आमच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, माझ्या शेजारी सीताराम तावडे राहतात. वय एकाहत्तर, उभी हयात गिरणीच्या रंगखात्यात गेली. आता एकच हौस उरलीय: आपल्या गॅलरीतली चिनाई मेंदी फुललेली एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. झाड पाच वर्षं नेमाने फुलतंय. काकांनी ते एकदाही फुललेलं पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, दर वर्षी. आणि मला झाडांचं काडीचं कौतुक नाही, माझ्याकडे मनीप्लांटसुद्धा जगत नाही.

झाड निवडताना या माणसाने माहीमच्या नर्सरीत इतक्या चकरा मारल्या, की पोराला स्थळ बघतानाही मारल्या नसतील. पांढरं नको, मळकं दिसतं. जांभळं नको, उन्हात उतरतं. शेवटी गडद गुलाबी, बुटक्या जातीचं पसंत पडलं. चुणीदार पाकळी कापडासारखी बोटांत चोळून म्हणाले, "क्रेप आहे, अस्सल." कुंडीला भोकं चार, ऊन सहा तास, पाणी माती सुकल्यावरच. पहिल्या थंडीत पानं गळाली तेव्हा दुर्गाकाकू रडकुंडीला आल्या. काका म्हणाले, झोपलंय, उठेल. आणि उठलं!

घोळ पुढेच आहे. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं, फूल नव्या फुटीवर येतं; शेंडे छाटा, दोनेक महिन्यांत बहर. झालं! काका कॅलेंडर काढून चतुर्थीपासून उलटे मोजतात आणि नेमक्या दिवशी कात्री चालवतात. झाड ऐन गणपतीत फुललंच पाहिजे. फुलतंही. फक्त चतुर्थीच्या चार दिवस आधी काका-काकू घराला कुलूप लावून देवगडकडे गावी जातात. तावडे घराण्याचा गणपती एकवीस दिवसांचा. परत येतात तेव्हा वाऱ्याने बहर साफ झडलेला असतो. मधले दिवस किल्ली माझ्याकडे, पाणी घालायला मी.

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, महिनाभर आधी छाटा ना! जायच्या आधी फुलेल."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "मगे गणपतीक फुलूचा नाय ना तां!"

आता बोला. मी कपाळावर हात मारला.

या वर्षी मात्र त्यांनी जाहीर केलं, "मी जाणार नाय. हितेंद्र जाईल." हितेंद्र त्यांचा मुलगा. काकूंनी फक्त एकदा कॅलेंडरकडे बघितलं. मला मात्र खरंच बरं वाटलं. चला, माणसाला एकदाची अक्कल आली.

चतुर्थीच्या सकाळी मी मुद्दाम पेढे घेऊन गेले. गॅलरी नुसती गुलाबी झाली होती, ग्रिलबाहेर घोस लोंबत होते. आणि काका झाडाकडे पाठ करून, गावी हितेंद्रला लावलेला फोन कानाशी धरून बसलेले.

"दूर्वा कोणी काढल्यान? समईत तेल घातलंस? अरे, मोठी समई, उजवीकडची!"

"काका, झाड बघा तरी!"

"बघितलंय सकाळीच. बरा आसा." फोनमधून झांजा सुरू झाल्या. काकांनी तो छातीशी धरला. "घरात आरती चालू आसा, नि मी हय, गो. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा."

झाडाकडे पाठ केली म्हणून इतका राग आला होता मला, तो कुठे गेला कोण जाणे.

काकू आतून आल्या. हातात कात्री. त्यांनी एकेक घोस कापला, ओल्या पंच्यात गुंडाळला. काका हां हां म्हणेपर्यंत झाड बोडकं.

"उठा," काकू म्हणाल्या. "दुपारच्या एसटीची दोन तिकिटं मी महिन्याआधीच काढलीत. उद्या पहाटे गावी पोचतो, तवसर फुलं टिकतील."

काका उठून शर्ट घालायला गेले.