अण्णांचा तांब्या आणि मसाईची म्हैस

बंडूअण्णा बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, गळ्याकडे बघायचे. पहिल्या भेटीत मला वाटलं, या गृहस्थांचा माझ्या साखळीवर डोळा आहे. साखळी नव्हतीच, म्हणून मी निर्धास्त राहिलो. डोंगराला जाणारी आम्ही मंडळी भल्या पहाटे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, अण्णांच्या लेथच्या कारखान्यासमोर जमलो होतो. अण्णा पितळी तांब्या काठोकाठ भरून एकेकाच्या हातात देत आणि तो रिकामा होईपर्यंत त्याच्या कंठमण्यावर नजर रोखून उभे राहत. कंठमणी खालीवर झाला तर घोट जमा. कुणी नुसते ओठ ओले केले की ओरडत, "ओठाला न्हाय, रगताला पाणी लागतंय लगा! गिळ!"

तरुणपणी तालमीतली माती अंगाला लागलेली, नंतर सगळा जन्म लेथवर गेलेला. मुलगा हाताशी आल्यावर त्यांनी कारखाना त्याच्यावर सोपवला आणि रविवार डोंगराला दिला. पन्हाळा, मसाई पठार, गगनबावडा, राधानगरीकडचं रान, जिथं पायवाट तिथं अण्णा. चालताना ते नेहमी सर्वांत मागे. "म्होरचा वाट बघतोय, मागचा माणसं बघतोय," असं म्हणत. उन्हाळ्यात त्यांचा दरारा वाढायचा. "ऊन म्हंजे सासरा हाय. त्याच्यापुढं उघड्या डोक्यानं जायचं न्हाय, आन् दुपारी तर त्याच्या दारात उभंच ऱ्हायचं न्हाय." सूर्य तापायच्या आत झाडाखाली पोचलं पाहिजे, असा नियम. आणि सगळ्यांच्या बाटल्या कोरड्या पडल्या तरी अण्णांची बाटली परतीच्या वाटेवरही भरलेली असायची. आम्ही एकमेकांना ती दाखवायचो. म्हणायचो, याला म्हणतात नियोजन.

मी एका पतसंस्थेत कारकून. पण एका स्थानिक पेपरात दर रविवारी माझं डोंगरवाटांचं सदर येतं. कुठली वाट बंद आहे, कुठं वणवा लागला, कुठल्या कड्यावर आग्या मोहोळ आहे, असल्या बातम्या. त्यामुळे अण्णा मला 'पेपरवालं' म्हणत. त्या एप्रिलमध्ये मी 'उन्हाळ्यात डोंगरात जाताना' असा घसघशीत लेख लिहिला. टोपी घाला, पाणी प्या, सकाळी हलकं खा. वर टोपी घातलेला माझा हसरा फोटो. लेख ज्या रविवारी छापून आला, त्याच रविवारी आम्ही मसाई पठारावर निघालो. लेखकाची टोपी घरी खुंटीवर राहिली होती. तांब्यातलं पाणी, अण्णांची पाठ वळताच, मी दाराशी तेलाच्या डब्यात लावलेल्या जास्वंदीला घातलं, कारण घाटात जीपमध्ये पोट डचमळतं. आणि वाटेत सगळे पोहे खात असताना लेखकाने मिसळ मागवली. वर पुन्हा तर्रीदार कट मागवला. हलकं खा, हे वाचकांसाठी होतं.

मसाईचं पठार ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, पावसाळ्यानंतर तिथं फुलं असतात आणि उन्हाळ्यात काहीच नसतं. तापलेला जांभा दगड, करपलेलं गवत आणि आभाळ. झाड नाही, झुडूप नाही. परत येताना मी रेंगाळलो, बाकीचे पुढे गेले. पोटात कट आणि डोक्यावर सासरा. थोड्या वेळाने मला समोर एसटी उभी दिसली. ती काळी होती, तिला शेपूट होतं आणि ती रवंथ करत होती, पण हे तपशील मला खटकले नाहीत. मी जवळ जाऊन खिशातली नोट पुढे केली आणि म्हणालो, "एक पन्हाळा द्या." कंडक्टर काही बोलेना, तेव्हा "सुट्टे नाहीत हो" असंही म्हणालो. मग आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा मागून सगळं बघत आलेले अण्णा माझ्यावर वाकून उभे होते. दोन हातांत टॉवेल ताणून त्यांनी माझ्यापुरती सावली केली होती. त्यांची ती कायम भरलेली बाटली माझ्या डोक्यावर, मानेवर, काखेत रिकामी झाली होती. माझ्याच बाटलीतलं पाणी मीठसाखर घालून त्यांनी मला घोटघोट पाजलं. मग लहान पोराला घ्यावं तसं पाठुंगळीला मारलं आणि पठार उतरले. मी त्यांच्या कानाशी रडकुंडीला येऊन म्हणालो, "अण्णा, आजच पेपरात फोटो आलाय. कुणाला सांगू नका."

"आईच्यान," अण्णा म्हणाले. "हे तुला, मला आन् त्या म्हशीलाच ठावं. चौथ्याला कळायचं न्हाय."

खाली त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ह्याचा पाय मुरगळला. मी आठवडाभर कृतज्ञतेने लंगडलो.

पुढच्या रविवारी कारखान्यासमोर पोचलो तर नवी मंडळी आली होती. एक कॉलेजातली मुलगी माझ्याकडे बघून फिस्सकन हसली. दुसरा म्हणाला, "काका, एक पन्हाळा द्या." तिसऱ्याने सुट्टे आहेत का विचारलं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा अत्यंत निरागसपणे जास्वंदीला पाणी घालत होते.

"अण्णा, तुम्ही शब्द दिला होता."

"नाव कुठं घेतलं?"

"मग यांना कसं कळलं?"

"फोटो दावला," अण्णा म्हणाले. खिशातून माझ्याच लेखाचं कात्रण काढून त्यांनी मला दाखवलं, जणू पुरावा त्यांच्या बाजूने होता.

मी तिथूनच घरी निघालो. अण्णांनी दंडाला धरलं. "राग आला व्हय? ये. पर एक ध्यानात ठेव, पेपरवालं. नियम सांगितला की लोक मान डोलवत्यात. म्हस सांगितली की बाटल्या भरत्यात. बघ जरा त्यांच्या बाटल्या." सगळ्यांच्या बाटल्या खरंच गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. त्यामुळे माझा राग गेला, असं कुणी समजू नये. राग तसाच राहिला, फक्त त्याला बोलायला तोंड उरलं नाही.

त्यानंतर दर उन्हाळ्यात माझी म्हैस वाढत गेली. एका वर्षी तिने शिट्टी वाजवली. दुसऱ्या वर्षी तिने मला मागे सरका म्हणून सांगितलं. आमचे संपादक पेपरच्या कचेरीत मला बघून डबल बेल देऊ लागले. बायको भांडणात निर्णायक क्षणी फक्त 'म्हैस' एवढंच म्हणायची. आपली लाज दुसऱ्याच्या तोंडून इतक्या रंगात ऐकताना माणूस हसतो, पण घरी येऊन चप्पल जरा जोरात फेकतो. मी अण्णांना सोडलं मात्र नाही. पाठुंगळीला घेतलेल्या माणसाला ते जमत नाही.

मग मागच्या वर्षीचा उन्हाळा आला. तेच पठार, तीच परतीची वाट. मागून अण्णांचा आवाज येईना, म्हणून मी वळलो. अण्णा वाट सोडून भलतीकडेच चालले होते. हाक मारली तर मलाच शिवी घातली. जवळ गेलो तर त्यांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, कातडी तव्यासारखी तापलेली. दोन पावलांत ते कोसळले. मी त्यांच्या पिशवीतून बाटली ओढली. ती काठोकाठ भरलेली होती. झाकण इतकं घट्ट की घरी लावल्यापासून ते उघडलंच नव्हतं, हे माझ्या बोटांना कळलं. तेव्हाच मला सगळ्या वर्षांच्या सगळ्या भरलेल्या बाटल्या आठवल्या. तो आमच्या कौतुकाचा विषय होता! मी ती बाटली त्यांच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतली. टॉवेल ताणून धरला. बाकीच्यांनी धावत येऊन त्यांना खाली नेलं.

दवाखान्यात डॉक्टर मुलाला बाहेर घेऊन गेले, तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "प्रोस्टेट का काय म्हंत्यात ते हाय. लई दिवसांपास्नं. पाणी प्यालं की घडीघडी थांबावं लागतंय. त्या पठारावर आडोसा कुठाय? आन् मी सगळ्यात मागं. म्होरं बायकापोरी वळून वळून बघणार, अण्णा का थांबलं. म्हणून प्यायचंच न्हाय, असं ठरवलं."

"आणि आमचे घोट मोजायचे?"

म्हशीची फसवणूक मी पचवली होती. ही पचली नाही. या माणसाच्या नजरेखाली मी तांबेच्या तांबे रिचवले होते, माझी अब्रू त्याने पाणी पाजण्याच्या नावाखाली विकली होती, आणि स्वतः कोरडाच चालत होता. तो मेला असता तर आम्हाला कारणसुद्धा कळलं नसतं. आम्ही उन्हाला दोष दिला असता आणि त्याच्या नियोजनाची आठवण काढून रडलो असतो.

त्यांनी माझा हात धरला. "कुणाला सांगू नकोस. कुस्ती हरलो तर सांग. हे नको. शब्द दे."

मी म्हणालो, "आईच्यान. हे तुम्हाला, मला आणि त्या म्हशीलाच ठाऊक."

अण्णा हसले. मग डोळे पुसले.

ते बरे झाले, पण डॉक्टरांनी डोंगर बंद केला. मुलीने त्यांना आपल्याकडे जयसिंगपूरला नेलं. तिथं सगळा प्रदेश तळहातासारखा सपाट. तांब्या कारखान्यातच राहिला, तो माझ्याकडे आला.

या एप्रिलमध्ये पहिल्यांदा मी मंडळींसमोर उभा राहिलो. नियम सांगितले, माना डोलल्या. म्हैस सांगितली, स्वतःच्या तोंडाने, शिट्टीसकट. सगळे खो खो हसले. बाटल्या भरल्या. मग मी तांब्या फिरवला आणि अण्णांसारखा गळ्यांकडे बघू लागलो. पोस्टातून निवृत्त झालेल्या भोसलेकाकांनी तांब्या उंच धरला होता, पण कंठमणी जागचा हलला नाही. शिवणकाम करणाऱ्या शाहीनभाभींनी पदराआड ओठ टेकवले आणि तांब्या तसाच पुढे दिला. त्यांच्या शेजारच्या दोघींनीही तेच केलं. म्हैस ऐकून हसलेली ही माणसं. बाटल्या भरलेल्या, आणि त्या भरलेल्याच परत आणायचं ठरवून निघालेली. माझी म्हैस विसराळू माणसांसाठी होती. या माणसांना तिचा उपयोग नव्हता. यांच्यासाठी दुसरी गोष्ट होती आणि ती सांगणार नाही म्हणून मी आईची शपथ घेतली होती.

मी ती सांगितली. नावासकट, आजारासकट, न उघडलेल्या झाकणासकट. कुणी हसलं नाही. भोसलेकाका बुटाची नाडी बांधू लागले, जी बांधलेलीच होती.

शाहीनभाभी म्हणाल्या, "भाऊ, पाणी प्या, पाणी प्या, सगळेच सांगतात. त्या उघड्या पठारावर आम्ही जायचं कुठं, हे आजपर्यंत एकानं तरी सांगितलंय का?"

नव्हतं सांगितलं. मीही इतकी वर्षं सदरात झरे लिहिले, टाकी लिहिली, हे कधी लिहिलं नाही. त्या दिवशी पठार रद्द करून आम्ही झाडीच्या वाटेने गेलो आणि कुठं थांबायचं ते निघतानाच जाहीर केलं. भाभींनी तांब्या परत मागितला, घटाघटा रिकामा केला आणि माझ्यासमोर पालथा धरला. पुढच्या खेपेला त्यांनी जुन्या चादरींचा एक आडोसा शिवून आणला, दोन काठ्यांवर उभा राहणारा. भोसलेकाका तो मोठ्या अभिमानाने खांद्यावरून नेतात. आता सदरात प्रत्येक वाटेखाली पाण्याच्या जागेआधी थांबायची जागा छापतो.

कोल्हापुरात सांगितलेली गोष्ट जयसिंगपूरला एसटीच्या आधी पोचते. अण्णांचा निरोप त्यांच्या मुलाकडून आला: "माझा नंबर काढून टाक म्हणावं." मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. शेवटी एका दुपारी जयसिंगपूरला गेलो. त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवायचं होतं, नियमाचं आणि म्हशीचं. भोसलेकाकांचा कंठमणी आता हलतो, हेही सांगायचं होतं.

मुलीने, सुनीताने, दार उघडलं. ती संकोचून म्हणाली, "अण्णा झोपलेत, असं सांग म्हणालेत."

आतल्या पडद्यामागे कुणीतरी खाकरलं. मी जरा वेळ उंबऱ्यावरच उभा राहिलो. सुनीता आत गेली आणि काठोकाठ भरलेला स्टीलचा तांब्या घेऊन आली. "उन्हातनं आलाय. पिऊन जावा म्हणालेत." मी उभ्यानेच तांब्या तोंडाला लावला. पडद्याची कड किंचित हलली, आणि मला माझ्या गळ्यावर ती जुनी नजर जाणवली. तांब्या संपला.

"सुनीता," आतून आवाज आला, माझ्याशी नव्हे, तिच्याशी. "निम्मं शर्टावर सांडलंय त्यानं. परत भर."

दुसराही तांब्या मी संपवला. मी जिना उतरलो आणि सुटत असलेली एसटी पकडली.

गाडी हातकणंगल्याला पोचायच्या आत मला कळलं, अण्णांनी काय केलंय. माझ्या वयाच्या माणसाला दोन तांबे पाजून, मध्ये न थांबणाऱ्या गाडीत बसवलं होतं. मी आसनावर या अंगावरून त्या अंगावर होत राहिलो. शेवटी लाज सोडून कंडक्टरपाशी गेलो आणि कानात सांगितलं. त्याने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडून ड्रायव्हरला सांगितलं, "थांबवा ओ, पावण्याला लागलीय!"

उसाच्या कडेला धावत गेलो, तर तिथं एक म्हैस उभी. तिने रवंथ थांबवून माझ्याकडे बघितलं. अण्णा अजून माझ्याशी बोलत नाहीत. मसाईवर शब्द दिला तो त्यांनी मोडला, दवाखान्यात दिला तो मी मोडला. दोन्ही वेळा साक्षीला धरलेल्या त्या म्हशीने मात्र आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही.