कोपऱ्यातली एकच घडी

देवळात यावे तशा पायरीवर चपला काढून त्या शिक्षिकाबाई ठाण्यात आल्या, ते मी अजून विसरलो नाही. उदारीकरणाची पहिली वर्षे होती. मी तंजावरजवळ पापनाशमला हवालदार होतो. आमचे गाव खानापूर तालुक्यातले. आठवीनंतर शाळा सोडून चुलत्यांच्या दुकानात सोने गाळायच्या कामाला तंजावरला आलो आणि पुढे इथल्याच पोलिसांत लागलो. इंग्रजी कागद समोर आला की मला घाम फुटे.

बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलण्याला हेल तमिळचा. मार्च आला की एक एजंट त्यांच्या शाळेत येई. पोस्टाच्या बचतपत्रासाठी पैसे घेई, स्वतःच्या कमिशनातले थोडे तिथेच परत देई आणि दोन दिवसांत झेरॉक्स आणून देई. कर वाचवायला कचेरीत झेरॉक्स पुरे, म्हणून मूळ पत्र कोणी मागत नसे. ते म्हणे त्याच्या कपाटात सुरक्षित. कमिशन परत घेणे नियमात बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बोलतही कोणी नसे. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी बाईंना पत्र तारण ठेवायचे होते, पण मूळ पत्र मागितले तर एजंट महिनाभर टोलवत होता.

"अण्णा, पैसे गेले तर पोटाला चिमटा घेईन," त्या म्हणाल्या. "पण झेरॉक्स खोटी निघाली, तर सरकारला खोटा कागद मीच दिला असं होईल नां? नोकरीच जाईल."

इन्स्पेक्टरसाहेबांनी डायरीत नोंद करायला लावली आणि तपासाला मला दोन दिवस दिले. शाळेतल्या सगळ्यांच्या झेरॉक्स आणून मी टेबलावर मांडल्या. इंग्रजी मजकूर वाचण्यापर्यंत माझी मजल नव्हती, म्हणून नुसता बघत बसलो. नावे वेगळी, नंबर वेगळे. पण कोपऱ्यातल्या गोल शिक्क्यावरून एक बारीक तिरपी रेघ गेलेली, दुमडलेल्या कागदाची झेरॉक्स काढली की उमटते तशी. प्रत्येकावर, त्याच जागी.

एजंटला बोलावले. माणूस गोड. साहेबांच्या तब्येतीची चौकशी केली, माझ्या मराठी वळणाच्या तमिळची थट्टा केली. मी विचारले, पत्रे ठेवतो कोण? म्हणाला, मीच, एकेक वेगळ्या पाकिटात.

"मग सगळ्यांना घडी एकाच जागी कशी पडली?"

त्याने एक झेरॉक्स उचलून दुसरीवर धरून पाहिली. मग पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर पंचांसमोर त्याच्या घराची झडती झाली. मूळ पत्र एकच निघाले, त्याच्या बायकोच्या नावाचे, कोपरा दुमडलेले. सोबत नावे-नंबर टाइप केलेल्या चिकटपट्ट्या; त्या पत्रावर डकवून तो एकेकाची झेरॉक्स काढी.

त्याच्या खात्यातले पैसे कोर्टामार्फत बरेचसे परत मिळाले. बाई फिर्यादी आहेत, त्यांचीच फसवणूक झाली, असे पत्र साहेबांनी त्यांच्या कचेरीला दिले. खोट्या पत्रावर वाचलेला कर बाईंनी भरला, नोकरी टिकली. नवऱ्याचे ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झाले. तपासाच्या कागदात साहेबांनी माझे नाव घातले. ते उपकार मी विसरणार नाही.

या प्रकरणाने मला शिकवले, की माणूस थापेपेक्षा सवलतीला जास्त फसतो. पुढच्या एप्रिलात हेडमास्तरांनी मला शाळेत बोलावले. शिक्षकांपुढे उभा राहिलो. मी म्हणालो, कर जरूर वाचवा, पण मार्चची घाई नको. दरमहा थोडे बाजूला टाका, पोस्टाच्या खिडकीवर स्वतः जा, मूळ पत्र घरी आणा. कमिशन परत देणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

कोणी मान डोलावली, कोणी हसले. तेव्हा मागच्या बाकावरून बाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "हसताय काय? लिहून घ्या."

आणि सगळ्यांनी पेन काढले.