बुजगावण्यांना आहेर

आमच्या घरी हा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जातो. एरवी सगळ्या संसारात मी कधी चहा टाकलेला नाही, तेव्हा विषय किती अवघड असेल ते तुम्हीच ओळखा. पण आज चहा तुम्ही आधीच मागवून बसलाय, म्हणजे मला पळायला जागा नाही. सांगतो. एक मेहेरबानी करा, गोष्ट संपेपर्यंत माझ्या पोटाकडं बघू नका.

माझं नेवाशात कापडाचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी केलं. दुकानाच्या पायरीवर बाई चप्पल कशी काढते, एवढ्यावरून मी सांगू शकतो, की तिला लग्नाचा बस्ता बांधायचाय की नुसतं पंख्याखाली बसून एसटीची वेळ काढायचीय. 'माणूस ओळखायला मी कधी चुकत नाही,' असं मी चारचौघांत सांगत असे. 'असे' हा शब्द लक्षात ठेवा.

तर माझा धाकटा पुण्यात नोकरीला. त्याची बायको प्राजक्ता, मोठी हौशी पोरगी. एका रविवारी म्हणाली, बाबा, चला, तुम्हाला प्रदर्शन दाखवते. प्रदर्शन म्हटल्यावर मी नवा सदरा घालून निघालो. मला वाटलं, साड्यांचं असेल, भाव तरी कळतील.

तिथं काय बघतो? पांढऱ्याफेक भिंती, आणि तारेवर एक फाटकी गोधडी. शेजारी खिळेच खिळे ठोकलेलं एक दार. पलीकडं गंजक्या डब्यांचा हत्ती. आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं मागं हात बांधून, मयतीला आल्यासारखी हळू आवाजात बोलत हिंडतायत. मी सवयीनं गोधडीचा काठ दोन बोटांत धरला, सूत बघायला. कोपऱ्यातून सिक्युरिटीवाला आला. "काका, हात लावू नका."

आता सांगा, कापडवाल्याला कापडाला हात लावू नका म्हणजे काय?

प्राजक्तानं मला बाजूला घेऊन समजावलं. ही सगळी कामं कधी कुठं न शिकलेल्या माणसांची. कुणी रखवालदार, कुणी गवंडी, कुणी घरात बसून असलेली म्हातारी. त्यांना कुणी सांगितलं नाही, बक्षीस दिलं नाही, आतून आलं आणि करत राहिली. अशी माणसं गावोगाव शोधत फिरणाऱ्या केतकी मॅडमही तिथंच होत्या. अंगावर धुऊन धुऊन मऊ झालेली अस्सल इरकल. मी मनात म्हटलं, बाईला कापड कळतं. मग मी सुटलोच.

"मॅडम, न शिकलेली माणसं शोधत तुम्ही देशभर फिरताय आणि नेवाशाला आला नाहीत? आमच्याकडं इंदूबाई आहे."

ही इंदूबाई म्हणजे शेवगाव रस्त्याला शेत असलेली आमची जुनी गिऱ्हाईक. साडी वर्षाकाठी एखादी घेईल, पण कात्रणं मात्र पोतं भरून नेते. माझ्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बशीरभाई टेलर बसतात, त्यांच्या पायाशी पडलेल्या चिंध्यांवर तिचाच हक्क. त्यांची ती बुजगावणी करते. पण काठीवर मडकं पालथं घातलं आणि झालं, असली नाहीत. तिच्या ज्वारीत एक म्हातारी दुसरीच्या उवा बघत बसलेली असते. एकजण काच नसलेला चष्मा लावून पेपर वाचतो. एक वरमाय तर अशी तोंड वाकडं करून उभी आहे, की तिच्या मानपानात काय कमी पडलं ते आपल्याला वाटेतच विचारावंसं वाटतं. एसटीतली माणसं खिडकीतून माना बाहेर काढून बघतात.

गावात मात्र बाईचं डोकं फिरलंय असंच म्हणत. तिची लेक मंगल पुण्यात दिलेली. सासरची माणसं एकदा येऊन हसून गेली, तेव्हापासून मंगलनं धरून ठेवलं होतं, आधी ती भुतं काढ, मग मी माहेरी येते. इंदूबाईनं भुतं काढली नाहीत. गेल्या दिवाळीला मंगल आली नाही.

पुण्याहून आल्या आल्या मी इंदूबाईला सगळं सांगितलं. मॅडम बघायला येणार, पसंत पडलं तर प्रदर्शनात मांडणार. तिनं पुढचं मागचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पुन्यात म्हंजी, मंगलच्या पुन्यात?"

"हो, तिथंच."

"मग येऊ द्या."

हुरड्याचे दिवस होते. मॅडम दुपारी पोचणार, प्राजक्ता त्यांना घेऊन येणार असं ठरलं. मी सकाळीच बशीरभाईंना टेम्पोत घालून, सगळं नीट आहे ना बघायला शेतावर गेलो. इंदूबाई बाजाराला गेली होती, पाहुण्यांसाठी काही आणायला. मी बांधावर उभा राहून त्या मंडळींवरून नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

एकाच्या अंगावर धड कपडा नाही. वरमायची साडी उन्हानं पांढरी पडलेली. पेपरवाल्याच्या सदऱ्याला बाही एकच. उवावाल्या म्हातारीच्या पाठीतून कडबा बाहेर आलेला.

तुम्ही माझ्या जागी स्वतःला उभं करून बघा. आपल्याकडं घरी पाहुणे येणार असले की आपण भिंतीला रंग देतो, बैलाची झूल बदलतो, आजारी म्हाताऱ्यालासुद्धा धुतलेलं धोतर नेसवून बसवतो. आणि मी तर कापडवाला. माझ्या शब्दावर पुण्याहून पाहुणी येणार, आणि माझ्या ओळखीची माणसं तिच्यापुढं चिंध्या पांघरून उभी? लोक काय म्हणतील? आजपर्यंत माझ्या दारातून कुणी टॉवेल-टोपीशिवाय गेलेलं नाही.

टेम्पो तसाच दुकानाकडं फिरवला आणि भरून आणला. बशीरभाई वाटेत एकदाच म्हणाले, "शेठ, बाईला इचारलं असतं तर?" मी म्हटलं, आहेर काय विचारून करतात?

मग आम्ही दोघांनी सगळ्यांना आहेर केला. पेपरवाल्याला पांढराशुभ्र सदरा आणि कडक टोपी. वरमायला जरीकाठाची हिरवीगार साडी, निऱ्या बशीरभाईंनी घातल्या, चांगल्या घातल्या. दोन्ही म्हाताऱ्यांना जोडीनं एकसारखी नऊवारी. जुनं सगळं ओरबाडून काढलं आणि गाठोडं बांधलं. तेवढ्यात रस्त्यानं बोहारीण चालली होती, डोक्यावर भांड्यांची पाटी. मी तिला हाक मारली, गाठोडं दिलं, आणि घासाघीस करून स्टीलचं एक पातेलं घेतलं. व्यवहार म्हणजे व्यवहार. टाकाऊतून पातेलं काढलं म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूष.

एकच ध्यान राहिलं. बांधाच्या टोकाला, बाभळीजवळ. गोणपाटाचं हे एवढं पुढं आलेलं पोट. तेलाचा डबा कापून केलेलं तोंड, तेही सताड उघडं. एक हात पुढं पसरलेला, वर केलेल्या दुसऱ्या हातात मोडकी मीटरपट्टी, माझ्याच दुकानातून मागून नेलेली. मी बशीरभाईंना म्हटलं, ह्या बेढबाला आधी झाका.

बशीरभाईंनी सगळ्यात मोठा शर्ट घालून बघितला. बटणं लागेनात. मग टेप काढून त्यांनी त्याचं पोट मापलं. टेपकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत टेपकडं बघितलं. मग तोंडात टेपचं टोक धरून पाठ फिरवली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, धूळ गेली घशात.

"ह्या मापाचं रेडिमेड मिळत न्हाई, शेठ," ते कसंबसं म्हणाले. "शिवूनच घ्यावं लागतं."

मी म्हटलं, मग राहू द्या त्याला. आणि पुढं कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्याला झाकून टाकलं.

दुपारी मॅडमची गाडी आणि इंदूबाईची एसटी एकदमच आली. इंदूबाई पिशवी घेऊन उतरली, बांधावर चढली आणि तिथंच थांबली. एकेकावरून तिनं नजर फिरवली.

"शेठ," ती म्हणाली, "हे कुनाचं वऱ्हाड उतरलंय माझ्या रानात?"

मॅडम बांधावरून खाली उतरल्या. ज्वारीतून एक चक्कर मारून आल्या आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "ह्यांचे जुने कपडे कुठं आहेत?"

मला काय कळणार? मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, "त्याची काळजीच करू नका मॅडम, एक चिंधी ठेवली नाही. बोहारणीला देऊन टाकले." आणि टेम्पोतून पातेलं आणून दाखवलं.

प्राजक्ता दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. ते पातेलं मॅडमनी हातात घेतलं, आतून बघितलं, बाहेरून बघितलं, आणि मला परत दिलं. आमची मंडळी अजून त्यातच चहा करते आणि दर वेळी पाहुण्यांना त्याचा इतिहास सांगते.

एवढ्यात एक साळुंकी आली आणि पेपरवाल्याच्या कडक टोपीवर बसली. तिला ती जागा आवडली असावी. मग दुसरी आली. मग चिमण्यांचा थवा वरमायच्या जरीच्या खांद्यावरून सरळ कणसांवर उतरला. इतके दिवस दबकत येणारी पाखरं, आहेर झालाय म्हटल्यावर जेवायला आल्यासारखी आली.

इंदूबाईनं हुसकलंसुद्धा नाही. पिशवी पायाशी ठेवून ती बांधावर बसली.

"सकाळी मंगलला फोन केल्ता," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "म्हनलं, पुन्याच्या बाई बघाया येनार हायेत. तर म्हनली, खरंच का गं? लई दिसांनी नीट बोलली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी काय करून बसलोय. हातातलं पातेलं मी गुपचूप टेम्पोत नेऊन ठेवलं. बशीरभाई दुसरीकडं बघत होते.

मॅडम मात्र रानाकडंच बघत होत्या. म्हणाल्या, त्या टोकाला एकही पाखरू का नाही?

कुणी उत्तर द्यायच्या आत त्या बाभळीपाशी पोचल्या आणि कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारायला लागल्या. मी धावत गेलो. म्हटलं उरलीसुरली अब्रू वाचवावी. "मॅडम, ते राहू द्या, ते बिघडलेलं आहे. त्याच्यापेक्षा इकडचा माल बघा..." एक हात पुढं पसरून, दुसरा वर करून मी त्यांना वरमाय दाखवत होतो.

"शेठ," मागून बशीरभाई म्हणाले, "तसंच थांबा. हलू नका."

मी थांबलो. हात तसेच. तोंड उघडं. धावल्यामुळं पोट जरा जास्तच पुढं. मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. आणि माझी सून, जिनं माझ्यापुढं कधी आवाज चढवला नाही, ती पोट धरून ज्वारीत लोळायची तेवढी बाकी राहिली.

मॅडमनी इंदूबाईला विचारलं, हे कोण?

इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. "ह्यो आमचा शेठ हाय."

"मी?"

"मग आनि कोन? बाकीच्यांना पाखरं आठ दिसांत सरावत्यात. ह्याला अजून सरावली न्हाईत. तोंड मिटतच न्हाई ना. त्यांना वाटतं, ह्यो आता काईतरी दाखवल्याबिगर सोडत न्हाई."

माणूस ओळखायला मी कधी चुकत नाही, बरं का. अर्धी सकाळ मी त्याच्यासमोर उभा होतो. वर बेढबही म्हणालो होतो.

मॅडम त्याच्यापुढं किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. मग इंदूबाईशेजारी बांधावर जाऊन बसल्या आणि दोघींचं बोलणं सुरू झालं. ठरलं ते असं. शेठ जसाच्या तसा पुण्याला जाणार. बाकीची मंडळी इंदूबाई पुन्हा करणार, पण तिथं, प्रदर्शनातच, लोकांदेखत बसून. कात्रणं बशीरभाई पुरवणार. मला काम एकच, कुणाला काही नेसवायचं नाही. मग हुरडा भाजला. सगळ्यात जास्त मी खाल्ला, बोलण्यासारखं काही नव्हतं ना.

प्रदर्शनाच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. इंदूबाई मधोमध सतरंजीवर बसून वरमायचं तोंड वाकडं करत होती आणि मागं हात बांधलेली माणसं भोवती गोल करून उभी होती. मंगल आली ती सासूला घेऊन. दारातच थबकली. आईकडं बघितलं, त्या माणसांकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या शेठकडं तिची नजर गेली आणि ती खुदकन हसली.

"आई गं, शेठ हुबेहूब!"

"तोंड जमलंय ना?"

"तोंडच जमलंय." असं म्हणून मंगलनं पदर खोचला, आईशेजारी बसली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. सासूबाई वाकून विचारत होत्या, वरमाय कुणाच्यावर बेतलीय. इंदूबाईनं उत्तर दिलं नाही, हुशार बाई.

मला भरून आलं. आणि भरून आलं की माझा हात कापडाकडं जातो. माझ्या त्या जोडीदाराचं पोटावरचं गोणपाट जरा उसवलं होतं. म्हटलं, चारचौघांत बरं दिसत नाही, नीट करावं. हात पुढं केला, तर मागून आवाज आला. तोच सिक्युरिटीवाला.

"काका, मागच्या वेळीपण सांगितलं होतं. हात लावू नका."

मी वळून त्याला समजावायला लागलो, की अहो, हा मीच आहे, ह्याला हात लावायचा मला हक्क आहे, ह्याच्या हातातली पट्टीसुद्धा माझ्या दुकानातली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदा बुजगावण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ते बरोबर आहे, काका," तो म्हणाला. "पण तुम्ही तरी तोंड मिटून उभे राहा. लोकांचा गोंधळ होतोय."