बोलणारी चाकं

शेंद्र्यात आमच्या कारखान्याच्या गेटवर बसणारे मामा आधी दगडाच्या खाणीत होते. खाण बंद पडली, त्यांचं अर्धं गाव इकडं कामाला आलं. पण मामांची सवय काही सुटली नाही. दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारायची आणि कान लावायचा. एकदा माझ्या गाडीची टाकी वाजवून म्हणाले, "पेट्रोल संपत आलंय, साहेब." मी हसलो आणि चिकलठाण्यापासून गाडी ढकलत घरी गेलो.

गेटवर कॅमेरे आले आणि मामांचा कामावरचा तो शेवटचा महिना ठरला. त्याच आठवड्यात लोखंड घासायच्या ग्राइंडरची नवी चाकं आली. खोकी उतरवताना मामांनी एकेक चाक वाजवलं आणि एक बाजूला ठेवलं.

"हे बोलत नाय. आत तडा हाय."

"मामा, हा तुमच्या खाणीतला दगड नाही," मी म्हणालो. स्टोअरचा इंजिनिअर ना मी.

"नसंल. पण फिरताना फुटलं तर चालवणाऱ्याच्या तोंडावर येतंय."

त्यांना खोटं पाडायला मी खोक्यातलं माहितीपत्रक उघडलं. पहिलीच सूचना होती: बसवण्याआधी चाक वाजवून ऐका. सहा वर्षं मी तो कागद खोक्यासकट फेकत होतो.

कागद घेऊन मॅनेजरकडं गेलो. माझी चूक सांगितल्याशिवाय मामांचा गुण सांगता येईना, म्हणून दोन्ही सांगितलं.

आता मामा स्टोअरात माझ्या शेजारी बसतात आणि चाकं वाजवतात. काल त्यांनी माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटला टिचकी मारून कान लावला.

"हेल्मेट चांगलं हाय, साहेब. आतच लई मोकळं वाजतंय."