आयेची वल्ही

जाळ्यांच्या ढिगावर पाठ टेकली की दुपारची झोप काही सरळ समोरून येत नाही. आधी पायाच्या अंगठ्यात शिरते, मग गुडघ्यात, आणि माणूस आपला म्हणत असतो, छे, झोपलंय कोण, मी विचार करतोय! सुगंधा तोरसकरणीचं आत्ता तेच चाललंय. होडीचं सामान ठेवायला झावळ्यांचा मांगर आहे त्यांचा, किनाऱ्याला लागून. तिथे ती आडवी पडलीय. डोळे अर्धे मिटलेत. वर वाशाला दोन वल्ही टांगलीत, ती बघतेय. सासूची वल्ही. सासू गेली, नवऱ्याने होडीला इंजिन बसवलं, आणि वल्ही जी वर गेली ती गेली. आता कोळिष्टकं धरलीत त्यांच्यावर.

झोप लागणार कशी म्हणा. सकाळी बाई तोंड उघडून बसलीय, ते आता निस्तरायचंय.

झालं काय, नवरा दाजी असतो ट्रॉलरवर, आठ-आठ दिवस बाहेर. मागे होडी सुगंधा चालवते. पाहुणे येतात, होडी भाड्याने घेतात, आणि ही त्यांना कुर्ली बेट फिरवून आणते. बेट आहेच मोठं गमतीचं. कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, पाय पसरावेत तसे खडक समुद्रात घुसलेत, आणि दर दोन खडकांच्या बेचक्यात एक चिमुकली पुळण. एकीत वाळू अशी मऊ की पाय ठेवावासा वाटू नये. एकीत खडकातून गोडं पाणी ठिबकतं. आणि सगळ्यांत शेवटची, कवड्यांची पुळण. पण तिच्या तोंडाशी दोन खडक उभे, मधे जेमतेम होडीएवढी फट, आणि पाण्याखाली खडकांचे दात. त्या फटीतून आत जायची ती एकटी भागीरथी, सुगंधाची सासू. सगळी वाडी तिला आये म्हणायची.

आये कशी जायची ते सगळ्यांना ठाऊक. फटीजवळ आली की मान वळवून बेटाच्या टोकावरच्या एकट्या माडाकडे बघायची आणि मग होडी घालायची. खूण ती. आता गेल्या वादळात माड पडला. खूण गेली, वाट गेली.

सकाळी इचलकरंजीचं एक जोडपं आलं. बाईंना कवड्यांची पुळण बघायचीय. शेजारचा होडीवाला बाबल दात काढून म्हणाला, "सुगंधावयनी, तुमी नुसती गोड्या पाण्याची घळ दाखवा हां. त्या फटीत जावक आयेचे डोळे व्हयेत!"

झालं. सुगंधाच्या डोक्यात तिडीक गेली. "दुपारच्या भरतीक येवा," ती त्या बाईंना म्हणाली, "मी नेतंय तुमका."

आता भरती चढतेय. नाही म्हणावं तर बाबल हंगामभर हसणार, आणि बाईमाणसाच्या होडीत परत बसणार कोण? हो म्हणावं तर परक्या माणसांचे जीव त्या दातांवर न्यायचे. ती कूस वळते. लाट मांगराच्या कुडाशी येऊन परत जाते. परत येते...

कोणीतरी तिच्या तळपायाला बोट टोचतं.

"गो, निजलंस काय?"

आये. पदर कमरेला खोचलेला, तोंडात तंबाखूची गोळी, जशी होती तशी. मेलेलं माणूस समोर उभं आहे याचं सुगंधाला काहीच वाटत नाही. तिला वाटतं ते भलतंच, की अगो बाई, भांडी घासायची राहिलीत!

"विचार करतंय," सुगंधा म्हणते.

"घोरत विचार करतंस? उठ. वल्ही काढ."

"इंजिन असा आता, आये."

"माहीत असा. तुझ्या घोवान लावल्यान ता फटफटा. थंयसर ऐकूक येता."

"थंय म्हणजे खंय?"

वल्ही खाली आलेलीच आहेत. मांगराची जमीन हलते, कारण ती जमीन नाहीच, होडी आहे, आणि होडी बेटाला लागून चाललीय. मऊ वाळूची पुळण मागे जाते. तिथे सुगंधाच्या लग्नातली माणसं पंगतीला बसलीत, हात करतात. गोड्या पाण्याची घळ येते, तिथे तिची शाळा आहे, चौथीपर्यंतचीच, दारं उघडी, आत पाणी. आये डोळे मिटून बसलीय आणि सुगंधा वल्हवतेय. ऊन कसं, तर ताकासारखं. थंडगार.

"तुका बरा असा मा थंय?" सुगंधा विचारते.

"बरा असा. मासळी ताजी. पण मसालो वाटूक कोणाक येणा नाय मेल्यांका. आमटी म्हणजे नुसता हळदीचा पाणी."

"माझ्या आमटीक तर तू जन्मभर नावा ठेवलंस!"

"मगे? तोंडावर बरी म्हटलंय असतंय तर तू शेफारलंस असतंस."

सुगंधाला हसू येतं आणि वल्हं पाण्यात वाकडं पडतं. आयेच्या तोंडून आमटी बरी म्हणवून घ्यायला म्हातारीला मरावं लागलं, पण म्हणाली तर खरी!

आणि मग ते दोन खडक समोर येतात. काळे, ओले, उंच. मधली फट. सुगंधाचे हात तिथेच थांबतात.

"आये, माड पडलो गो. आता खूण काय धरू?"

"खंयचो माड?"

"तुझो! टोकावरचो! तू दरवेळेक मान वळवून बघीस तो!"

आये डोळे उघडते. पांढरे झालेले डोळे, शेवटच्या वर्षांत होते तसे. अशी हसते, अशी हसते की होडी डुलते.

"बघतंय कसली! मी थुकत होतंय गो!"

"काय?"

"तंबाखू थुकत होतंय! फटीच्या तोंडार राखणदार देव बसता. त्याच्या दारात थुकतत काय? म्हणान मान वळवायची, भायल्या अंगाक थुकायचा, खाऱ्या पाण्यान चूळ भरायची, मगे आत जावचा. माका मोतीबिंदू झालेलो. माझो हात माका दिसत नाय होतो, माड खंयसून दिसतलो?"

अख्खी वाडी, बाबल, दाजी, बाबलचा बापूस, सगळे जण आजवर त्या माडाकडे बघत आले. आणि तो नुसता उभा होता बापडा.

"मगे सांगूक नाय तां?"

"इचारलंस कधी? तुमी सगळे हुशार. तुमका खूण गावली होती." आये वाकून बाहेर पचकन थुंकते, खाऱ्या पाण्याने चूळ भरते. "आता डोळे मीट. कान असत मा तुका?"

सुगंधा डोळे मिटते आणि घरात असते. स्वैपाकघरात. पाटावर बसलीय, डाव्या हाताला चूल, चुलीवर पेजेचं मडकं. उजव्या हाताला आये काठवटीत तांदळाची भाकरी थापतेय. खाली जमीन सारवलेली, पण जरा हलते.

"डावीकडे काय ऐकूक येता?"

"पेज रटरटता."

"उजवीकडे?"

"तू भाकरी थापतंस."

"बस. तोच डावो खडक, तोच उजवो. डाव्याच्या पोटात पाणी रटरटता, उजव्यावर थापा बसतत. दोनय सारखी ऐकूक येऊक व्हयी. पेज मोठी झाली तर उजवीकडे सरक. भाकरी मोठी झाली तर डावीकडे. लग्न करून इलंस त्या दिसापासून चुलीच्या नि माझ्या मधी बसलंस मा तू? मगे आता काय भियातंस!"

रट, रट, रट. थाप. थाप. पेज जरा मोठी होते, सुगंधा उजवं अंग देते. भाकरी मोठी होते, ती डावीकडे सरते. आये मधे एक शब्द बोलत नाही, आणि आये गप्प बसलीय म्हणजे बरोबर चाललंय, हे सुगंधाला पहिल्या वर्षापासूनच ठाऊक. मग पेज आणि भाकरी एकसारखी होतात, इतकी की दोन्ही मिळून एकच आवाज. होडीचा तळ वाळूला घासतो.

कवड्यांची पुळण. पांढरी. दोघी पाय पसरून बसतात. आये कवड्या वेचते, लुगड्यावर पुसते, परत टाकून देते.

"घेऊन जा की चार," सुगंधा म्हणते.

"थंय ठेवू खंय? खिशे नाय."

"त्या इंजिनाच्या आवाजान कोणाक हे खडक ऐकूक इले नाय ना गो?"

"त्या फटफट्यात माका माझो घोव हाक मारी तरी ऐकूक येवचो नाय." आये हातातली कवडी टाकून देते. "इंजिन वायट नाय. कमर वाचता. पण फटीशी बंद कर. आणि पयली एकटी जा, रिकामी होडी घेऊन. मगे माणसा ने. माझ्या भरवशार कोणाचो जीव घालू नको. सपनातल्या म्हातारीचा काय खरा?"

"सपान असा ह्यां?"

"नायतर काय! भरती चढली बघ. तुझे पाय भिजले."

सुगंधा खाली बघते. पाय कोरडेच आहेत. पण गालावर टपकन काहीतरी पडतं.

ती डोळे उघडते. मांगर. जाळ्यांचा ढीग, माशांचा वास, झावळ्यांच्या भोकातून उन्हाचे कवडसे. आये नाही. परत गालावर टपकन. सुगंधा बोटाने पुसते, बोट जिभेला लावते. खारट.

वर बघते. वाशाला वल्ही टांगलेली, कोळिष्टकं जशीच्या तशी. फक्त दोन्हींची पाती काळीभोर ओली झालीत, आणि डाव्या वल्ह्याच्या टोकाला पुढचा थेंब हळूहळू धरतोय. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत.

ती काही ओरडत-बिरडत नाही. उठते, केस बांधते, वल्ही काढून खांद्यावर घेते आणि बाहेर येते. इचलकरंजीच्या बाई टोपी घालून तयारच. त्यांच्या मिस्टरांच्या गालात पान. आणि बाबल आपल्या होडीवर पाय हलवत बसलाय.

"काय वयनी, इंजिन बिघडला?"

"इंजिन बरा असा," सुगंधा वल्ही होडीत ठेवत म्हणते. "तुमी दोघा गोड्या पाण्याच्या घळीत जरा बसा हां. मी आधी एकटी आत जाऊन येतंय, मगे तुमका नेतंय."

मग तिला काहीतरी आठवतं, आणि ती त्या मिस्टरांकडे वळते.

"आणि दादा, तां पान हंयच थुकून घ्या. चूळ भरा. थंय चालाचा नाय."