कोंबड्याच्या पिसाबाबत अर्ज

मी इंदापूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे. रोज बारामतीहून एसटीने जातो, दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतो आणि संध्याकाळी घरी येऊन एका कोंबड्याकडून मार खातो. कोंबडा व्हिडिओ गेममधला. सगळा गेम जुन्या काळच्या कार्टूनसारखा, एकेक चित्र हाताने काढलेलं. ज्यांनी एवढ्या मायेने तो कोंबडा रंगवला, त्यांनी माझ्यावर एवढा राग का धरावा, ते मला कळलं नाही. तो पिसं फेकतो. पीस वीतभर लांबून जातं, तरी मी मरतो. आठ महिने मी असा अन्यायाने मरत होतो.

बायको म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." त्या दिवसापासून तो खेळ राहिला नाही. अंगण खरोखरच वाकडं आहे, हे मला घरात सिद्ध करायचं होतं.

मग आमच्या खात्यातला माणूस जे करतो तेच मी केलं. गेम बनवणाऱ्या परदेशी कंपनीला अर्ज धाडला. विषय : कोंबड्याचे पीस अंगास न लागता जीव जाणेबाबत. सोबत जोडपत्र म्हणून पडद्याचे पाच फोटो. भाषा अर्थातच मराठी. भाषांतर करून घेणं हे त्यांचं काम. शेजारच्या टेबलावरचे तात्या म्हणाले, "पोच घेतली का? पोच न्हाय तर अर्ज न्हाय." मी पोचही मागितली.

पोच आली नाही. तीन महिन्यांनी अपडेट आलं. सुधारणांच्या लांबलचक यादीत, कुठल्याशा ढगाची सावली आणि ट्रम्पेटचा आवाज यांच्या मधे एक ओळ होती : पिसाचा स्पर्श आता चित्राबरहुकूम होईल. माझ्या अर्जाचा उल्लेख नव्हता, पण वरिष्ठ असं कधी कबूल करतात? मी कचेरीत पेढे वाटले. तात्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "मग आता जिकला व्हय?" काही लोकांना तपशिलातच रस.

रविवारी सकाळी बायकोला मुद्दाम समोर बसवून खेळायला घेतलं. पीस वीतभर लांबून गेलं आणि मी चक्क जिवंत राहिलो. पुढचं पीस थेट छातीत बसलं. पुढच्या अकरा डावांतही तेच झालं, अगदी चित्राबरहुकूम.

अपडेटने आणखी एक सोय केली होती, जी मी मागितली नव्हती. कोणत्या खेळाडूने कोणाला कधी हरवलं, याचं नवं पान. घरात खेळाडू दोन : एक मी, दुसरी बायको, जी माझ्या समजुतीप्रमाणे कधीमधी गंमत म्हणून बटणं दाबायची. तिच्या नावापुढे कोंबडा मेलेला होता. तारीख अपडेटच्या कितीतरी आधीची, मी अर्ज धाडला त्याच आठवड्यातली.

"तेव्हा तर पीस चुकीचं लागत होतं!" मी ओरडलो. राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

"लागायचंच की. तुमचं बरोबर हुतं," ती म्हणाली. "मी आपली जरा आधी उडी मारायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचा अर्ज चालू हुता न्हवं."