रिळातला शेवटचा फोटो

रायपूरच्या गोल बाजारातल्या फोटोवाल्या काकांनी माझ्या हाती कॅमेरा दिला, म्हणून हे लिहून राहिले. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन यवतमाळकडून इतक्या दूर आले.

काका सगळ्याला "हव" म्हणतात. आखूड हव म्हणजे होय. लांबवलं की समजायचं, ऐकलं, पण करतील आपल्या मनाचंच.

रविवारी ते दोस्तासोबत जुने रिळाचे कॅमेरे घेऊन नव्या रायपूरच्या तलावावर गेले. डबे घेऊन मीही होते. काकांच्या कॅमेऱ्यात वरच्या काचेतून डोकवावं लागतं. सकाळपासून मी त्या काचेत चोरून पाहत होते, ते त्यांना दिसलं असावं. बगळा उतरला तेव्हा रिळात एकच फोटो उरला होता.

"घ्या दीदी, तुम्ही काढा."

"मले नाही जमत काका, वाया जाईल."

"अरे यार, लास्ट फोटो है!" दोस्त ओरडला.

"हऽऽव," काका म्हणाले.

त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. बगळा काचेत डावीकडे उडाला, मी डावीकडे वळले, अन् काच रिकामी!

"उलटं फिरा, उलटं!" काका हसले. मी गर्रकन फिरले अन् बटण दाबलं.

फोटोत बगळ्याची चोच कापली गेली. तरी काकांनी तो दुकानात दर्शनी भागात लावलाय. गिऱ्हाइकांना सांगतात, "आमच्या दीदीनं काढला. पंख पाहा!"

एक दिवस मी स्वतः रीळ घेईन, काकांना माझ्या गावच्या नदीवर नेईन आणि शेवटचा फोटो त्यांना काढायला लावीन. कोणी काही म्हटलंच, तर लांब हव म्हणीन.